पिलर मेणबत्ती: मेणाआधी वात ठरवा

प्रश्न नागपूरहून आलाय. थोडक्यात असा: "मागच्या दिवाळीत घरी तीन पिलर मेणबत्त्या केल्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे साचा म्हणून वापरून. पहिलीच्या मधोमध, वातीभोवती खोल खड्डा पडला. दुसरीला तसा खड्डा पडू नये म्हणून वरून पुन्हा मेण भरलं, तर ती साच्यातून निघेचना, शेवटी पाइप कापला. तिसरी दिसायला सुरेख झाली, पण हॉलमध्ये पेटवल्यावर दोन तासांत एका बाजूने फुटली आणि मेण टीपॉयवर सांडलं. पॅराफिन खराब होतं का? यंदा सोया वॅक्स घेऊ का? आणि नाहीच जमलं तर विकत घेताना काय बघू?"

तुमचं पॅराफिन बहुतेक निर्दोष होतं. मी हे काम एकोणीस वर्षं करतेय, आणि मला येणाऱ्या दहा प्रश्नांतले आठ मेणाबद्दल असतात. वातीबद्दल कोणी विचारत नाही. दुकानातही लोक मेण निवडायला अर्धा तास घालवतात आणि निघताना म्हणतात, "आणि एक वातीचं बंडल द्या, कुठलंही." या "कुठलंही"मध्येच पुढचा सगळा घोटाळा असतो.

काचेच्या ग्लासातली मेणबत्ती आणि पिलर यांतला फरक आधी नीट समजून घ्या. ग्लासातलं मेण काठापर्यंत पातळ झालं तरी बिघडत नाही, काच ते सांभाळते. पिलरला काच नसते. तिच्या बाहेरच्या अंगाची अर्धा-एक सेंटिमीटर जाडीची मेणाची भिंत हेच तिचं भांडं. ज्योत मोठी पडली तर ती आपलं भांडंच वितळवून टाकते आणि मेण बाहेर येतं. छोटी पडली तर मध्ये विहीर खणत खाली जाते, भोवती मेणाचं तळं साचतं आणि त्यात स्वतःच बुडून विझते. या दोन्हींच्या मधली ज्योत मिळवायची, एवढंच पिलरचं सगळं शास्त्र. ती ज्योत मुख्यतः वातीची जाडी ठरवते. मेण आणि मेणबत्तीचा व्यास यांना धरून, पण वातच.

तरी सोयाबद्दल विचारलंय तर उत्तर देते. बाजारात सर्रास मिळतं ते सोया वॅक्स ग्लासात ओतण्यासाठी असतं. ते 46 ते 50 अंशांच्या आसपास वितळतं, आणि हाताला लोण्यासारखं मऊ लागतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अशा मेणाचा पिलर तुमच्या शोकेसमध्ये उभ्या उभ्या कंबरेत वाकेल. मी स्वतः एकदा, नवखी असताना, मऊ मेणाच्या चाळीस मेणबत्त्या एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला गेले होते. परत आले तर त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. पिलरसाठी वेगळं, कडक सोया वॅक्स मिळतं, पण ते महाग असतं आणि थंडीत त्याचे कोपरे टवके उडाल्यासारखे जातात. शिवाय सोया थंड होताना फारसं आकसत नाही, त्यामुळे पीव्हीसीसारख्या कडक साच्याला धरून बसतं. पहिल्या दहा-पंधरा मेणबत्त्या तरी पॅराफिनच्याच करा.

पॅराफिन मागताना "फुल्ली रिफाइंड, 58-60" असं मागा. हा आकडा वितळण्याच्या तापमानाचा. ते लाद्यांमध्ये येतं, पांढरं शुभ्र, जवळजवळ बिनवासाचं. "सेमी रिफाइंड" स्वस्त पडतं, पण त्यात तेलाचा अंश जास्त राहतो. रंग पिवळसर, उन्हाळ्यात अंगावर घाम सुटल्यासारखं तेल येतं, आणि मंद सुगंध टाकलात तर त्याच्या आड रॉकेलसारखा वास डोकावतो. पॅराफिन म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघणारा माल. आसाममधल्या दिग्बोईला 1901 पासून रिफायनरी चालू आहे आणि तिथलं मेण आपल्याकडच्या बाजारात जुन्या ओळखीचं.

त्यात दहा टक्के स्टिअरिक ॲसिड मिसळा. नावावरून घाबरू नका. ते चरबी किंवा पामतेलापासून काढलेलं, साबणात आणि क्रीममध्ये पडणारं पांढरं दाणेदार द्रव्य आहे. त्याने पिलर कडक होतो, दुधासारखा अपारदर्शक दिसतो, रंग एकसारखा चढतो आणि साच्यातून सुटायला मदत होते. फक्त हे मिश्रण पितळेच्या किंवा तांब्याच्या पातेल्यात वितळवू नका. आपल्याकडे माळ्यावर आजीची पितळी भांडी पडून असतात आणि "मेणाला काय, जुनं चालेल" म्हणून तीच काढली जातात. हे आम्ल तांब्या-पितळेला खातं आणि मेणाला हिरवी झाक येते. स्टील घ्या.

मधमाशीचं मेण घ्यायला हरकत नाही, जमलं तर जरूर घ्या. मराठीत नुसतं "मेण" म्हटलं की मुळात तेच. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या बाजूला मध विकणाऱ्यांकडे मेणही विचारून बघा. ते 62 ते 64 अंशांना वितळतं, उन्हाळ्याला दाद देत नाही, आणि न पेटवताही खोलीत मधाचा वास दरवळतो. पण ते चिकट आहे, सिलिकॉनच्या साच्याशिवाय सहज निघत नाही, आणि त्याला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. जेल वॅक्सचा पिलर होत नाही. तो विषय तिथेच संपला.

आता वात. पणतीतली वात आणि मेणबत्तीतली वात दिसायला बहिणी, पण कामं अगदी वेगळी. देवापुढची वात आपण कापूस वळून करतो. तेल पातळच असतं, वात ते वर ओढते, आणि टोकाला काजळी धरली की आपण ती झाडतो किंवा वात सारतो. मेणबत्तीची वात सारायला कोण बसणार? पूर्वी युरोपात मेणबत्तीची जळकी वात दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावी लागे, तिच्यासाठी खास कात्री असायची. मग 1825 च्या सुमारास कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने वात पिळण्याऐवजी वेणीसारखी गुंफली. वेणीच्या वातीचं टोक जळताना एका बाजूला वाकतं, ज्योतीच्या कडेला येतं, तिथे त्याला हवा मिळते आणि ते पूर्ण जळून राख होतं. काजळीचा गोळा साठत नाही. म्हणून घरच्या कापसाची वात पिलरमध्ये घालू नका. ती सुरुवातीला झकास पेटते, मग टोकाला भोपळा धरते, धूर सोडते, आणि त्याचा दोष बिचाऱ्या पॅराफिनवर जातो.

दुकानात वात मागताना "सुती, वेणीची" अशी मागा. त्यातही चपटी आणि चौकोनी असे दोन प्रकार असतात. पिलरला मी चौकोनी वापरते, ती जरा भरीव असते आणि सरळ उभी राहते. जाडीचे नंबर प्रत्येक बनवणाऱ्याचे वेगळे, त्यामुळे मी तुम्हाला "अमुक नंबर घ्या" असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. वेगवेगळ्या जाडीच्या तीन वाती आणा आणि चाचणी करा.

चाचणी म्हणजे काय, ते माझ्या ओट्यावर दाखवते. एकाच साच्यातल्या तीन मेणबत्त्या, 7.5 सेंटिमीटर व्यासाच्या, एकच मेण, तीन वाती. प्रत्येकीच्या बुडाला कागदाची चिठ्ठी. सगळ्यांच्या वाती 5-6 मिलिमीटर राखून छाटलेल्या. पंखा बंद, खिडकी बंद, खाली स्टीलची थाळी. पेटवते आणि तीन तास हलवत नाही. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास, हा साधारण हिशेब. तीन तासांनी शाळेतली पट्टी घेऊन पातळ मेणाचं तळं मोजते. बारीक वातीभोवती चार सेंटिमीटरचं तळं, ज्योत करंगळीच्या नखाएवढी आणि धडपडणारी. जाड वातीचं तळं काठाला भिडलेलं, भिंत बाहेरून दाबली तर लिबलिबीत, वर धुराची रेघ. मधलीचं तळं साडेसहा सेंटिमीटर, दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर भिंत टणक. मधली ठेवायची. पण लगेच उड्या मारायच्या नाहीत; विझवून, पूर्ण गार करून, पुन्हा छाटून दुसऱ्या दिवशी परत तीन तास. पहिल्या दिवशी देखणी जळणारी मेणबत्ती अर्ध्यावर आल्यावर वेगळी वागते, कारण आता ज्योत खळग्यात असते आणि भिंतींची ऊब तिला परत मिळते. निम्म्यापर्यंत नीट गेली तर वात पास.

रंग किंवा सुगंध बदलला की ही चाचणी नव्याने. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. पण गडद मरून रंगाची मेणबत्ती आणि पांढरी मेणबत्ती एकाच वातीवर सारख्या जळत नाहीत.

तुमच्या तिसरीचं दुखणं मात्र मला वातीच्या जाडीइतकंच पंख्याचं वाटतं. "हॉलमध्ये" आणि "एका बाजूने" हे दोन शब्द वाचले आणि छताचा पंखा डोळ्यांपुढे आला. वाऱ्याने ज्योत एकाच दिशेला झुकते, त्या बाजूची भिंत पातळ होते आणि बांध फुटावा तसं मेण सुटतं. पंखा नव्हताच म्हणालात तर बूड बघा: वात मध्यावर होती का? ओतताना वर मध्ये असलेली वात खाली सरकलेली असते, हे नेहमीचं.

पहिलीचा खड्डा हा दोष नव्हेच. पॅराफिन पातळाचं घट्ट होताना दहा टक्क्यांहून जास्त आकसतं. बाहेरची बाजू आधी गोठते, आतलं मेण मागाहून गोठताना मधल्या भागातून जागा काढतं. प्रत्येक पिलरला खड्डा पडतो, आमच्याही. आम्ही तो भरतो, एवढंच. आणि दुसरीत तुम्ही तो भरलात, पण काठोकाठ. पहिल्या ओतीचं मेण आकसून साच्यापासून केसभर सुटलेलं असतं. काठापर्यंत गरम मेण भरलं की ते त्या फटीत उतरतं आणि पाचर मारल्यासारखं साचा धरून ठेवतं. दुसरी ओत नेहमी पहिलीच्या पातळीच्या किंचित खाली थांबवायची. हे एक वाक्य मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर माझे चार साचे वाचले असते.

आता करायची पद्धत, 7.5 सेंटिमीटर व्यास आणि 10 सेंटिमीटर उंचीची एक मेणबत्ती धरून. मेण किती लागेल ते काढायला साच्यात पाणी भरा, ते मोजा, 0.9 ने गुणा. इथे पाणी सुमारे 440 मिलिलिटर भरेल, म्हणजे मेण 400 ग्रॅमच्या आसपास. पातेल्याला चिकटणारं धरून 420 घ्या: 380 पॅराफिन, 40 स्टिअरिक. साचा नंतर कोरडा ठणठणीत पुसा, पाण्याचा थेंब राहिला तर मेणबत्ती तडतडते.

मेण थेट गॅसवर कधीही नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टँड, त्यावर छोटं पातेलं. मेण उकळत नाही, बुडबुडे येऊन "झालं" असं सांगत नाही. ते गुपचूप तापत जातं आणि फार तापलं तर भडकतं. म्हणून थर्मामीटर हवाच. चुकून पेट घेतलाच तर गॅस बंद आणि वर झाकण. पाणी मुळीच टाकू नका, जळतं मेण घरभर उडेल. झाकण आधीच हाताशी काढून ठेवा, तेव्हा शोधायला वेळ नसतो.

स्टिअरिक आधी वितळवा, त्यात रंग विरघळवा, मग पॅराफिन घाला. रंग मेणाचाच, तेलात विरघळणारा. खायचा रंग पाण्याचा असतो, तो तळाशी गोळ्या होऊन बसतो. मुलांचे खडू वितळवून घालायची युक्ती फार फिरते. खडूची पूड वातीत अडकते आणि वात गुदमरते. सुगंधी तेल तीन टक्के, म्हणजे इथे 12 ग्रॅम, शेवटी घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. जास्त घातलं म्हणून जास्त वास येत नाही. ते अंगावर डाग होऊन बाहेर येतं.

वात आधी वितळलेल्या मेणात बुडवा. बारीक बुडबुडे येतील, ते थांबले की तिच्यातली हवा गेली. काढून सरळ ताणून गार करा. साच्याच्या बुडाच्या भोकातून ओवा, वर सळईला बांधा, ताण हवा. भोकाभोवती गळती थांबवायला खास पुट्टी मिळते, पण मी कित्येक वर्षं घट्ट कणकेची गोळी लावत होते आणि एकदाही फसली नाही.

पीव्हीसीऐवजी शक्यतो ॲल्युमिनियमचा साचा घ्या. पीव्हीसी फार उष्णता सोसत नाही, त्यात 75 अंशांवर ओता. ॲल्युमिनियममध्ये 80-85 चालतं आणि अंगावर चकाकी येते. साचा हाताला कोमट लागेल इतका आधी गरम करा, नाहीतर बाहेरून आडव्या रेघा उमटतात, लाटांसारख्या. कडेने, न थांबता ओता, पन्नास-साठ ग्रॅम मागे ठेवा. दोन मिनिटांनी साच्यावर चमच्याने टकटक करा, हवा वर येईल.

पाऊण तासाने वर साय धरते. विणायच्या सुईने वातीजवळ तीन-चार ठिकाणी खोल भोकं पाडा. ही पाडली नाहीत तर वरून सपाट दिसतं आणि आत पोकळी राहते, जी जळताना अचानक उघडते. दोन-तीन तासांनी, साचा कोमट असताना, ठेवलेलं मेण पहिल्यापेक्षा चार-पाच अंश जास्त तापवून भरा. पातळीच्या खाली, विसरू नका. मोठ्या पिलरला हे पुन्हा एकदा करावं लागतं. मग रात्रभर हात लावायचा नाही. घाईने फ्रीजरमध्ये टाकलात तर आडव्या भेगा पडतात. सकाळी सुटली नाही तरच साध्या फ्रीजमध्ये दहा मिनिटं.

साच्यातलं वरचं तोंड हे मेणबत्तीचं बूड. ते ओबडधोबड असतं, मेणबत्ती डुगडुगते. जुना सपाट तवा मंद गरम करून गॅस बंद करा, मेणबत्ती उभी धरून त्यावर गोल फिरवा. पाच सेकंदांत बूड आरशासारखं होतं. या एका कृतीसाठी मी अजून वाट बघत असते.

विकत घ्यायची असेल तर रिबन आणि डबा बाजूला ठेवून मेणबत्ती हातात घ्या. आकाराच्या मानाने जड हवी. उलटी करून वात बुडाशीही मध्यावर आहे का बघा. बूड रवाळ, साखर दाबून बसवल्यासारखं दिसलं तर ती मेणाची पूड दाबून केलेली आहे. अशा जळतात, पण कोपरे लवकर झडतात. नखाने बुडाला खरवडा: नख सहज रुतलं तर मेण मऊ. वातीच्या आत धातूची तार दिसली तर ती कागदावर घासा. शिशाची तार पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटवते, अशी मेणबत्ती तिथेच ठेवून या. आणि जाडजूड पिलरमध्ये वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी वात असेल तर ती शोभेची आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. ती नवसाची, वाहण्यासाठी, त्यांच्याकडून कोणी उजेडाची अपेक्षा करत नाही. दुकानातल्या बऱ्याच पिलरकडूनही करू नये.

जाळताना प्रत्येक वेळी वात छाटा, आणि पेटवलीत तर दोन-तीन तास तरी जळू द्या. पंधरा मिनिटांत विझवायच्या सवयीने चांगल्या मेणबत्तीतही विहीर पडते. विझवल्यावर भिंत कोमट असते तेव्हा काठ अंगठ्याने हळूच आत दाबले की पुढच्या वेळी तेही जळतात. नीट वात असलेली ही 400 ग्रॅमची मेणबत्ती पन्नास-साठ तास सहज जाते.

उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका, पाइपात गोठतं आणि मग प्लंबरला मेणाचं शास्त्र समजावत बसावं लागतं. पातेलं गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्या. ते कागद फेकू नका. गावाकडे कोणाकडे अजून बंब असेल तर त्यांना द्या, एका काडीत पेटतो.